होडीच्या टू-स्ट्रोक मोटरी आणि इंधन-फवारणीच्या पद्धती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पूर्वजांच्या आठवणी, विद्यार्थ्यांचे गुणगौरव, देवस्थानाचा जमाखर्च आणि वधूवरांची माहिती यांना हक्काचे स्थान असते. अशा पंक्तीत होडीच्या मोटरीचे पान वाढणे पुष्कळांना विचित्र वाटेल. चिटणीसांनी आम्हाला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्हीही क्षणभर बिचकलो. परंतु विचारांती असे वाटले की, आपली ज्ञाती दर्यावर जगते. ज्या घरातील मुले आज मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत बसतात, त्या घरांची शिक्षणेही मासळीच्या पैशावर झालेली आहेत. होडीच्या मागच्या फळीला लटकणारी मोटर ही आज त्या धंद्याचा प्राण आहे. ती घेताना कित्येक घरांत दागिने गहाण पडतात. तेव्हा तिच्या पोटात काय चालते, हे समजून घेणे हा काही केवळ यंत्रशास्त्र्यांचा छंद नव्हे. तो संसाराचाच एक प्रश्न आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका प्रसंगामुळे. आमच्या काकांनी काही वर्षांपूर्वी परदेशातून आलेली एक वापरलेली मोटर घेतली. थेट फवारणीची, संगणकाच्या आज्ञेने चालणारी. पहिला हंगाम सोन्यासारखा गेला. धूर नाही, खळखळ नाही, टाकीतले इंधन संपता संपत नाही. दुसऱ्या हंगामात एके पहाटे, किनाऱ्यावरची माडांची रांग पुसट दिसावी इतक्या अंतरावर, मोटर थांबली ती थांबलीच. झाकण उघडून पाहावे तर आत ओळखीचे काहीच नाही. कार्ब्युरेटर नाही की त्याचे भांडे नाही. जुन्या मोटरीला दहा वेळा जीवदान देणारे ते अनुभवी हात त्या दिवशी नुसते फिरत राहिले. वल्ही मारीत होडी दुपारी किनाऱ्याला लागली. पुढे निघाले ते एवढेच की, बॅटरीच्या एका टोकाला खाऱ्या वाऱ्याने हिरवा थर धरला होता. काका आम्हाला म्हणाले, "इंजिन कितीय शाणा आसला तरी वल्हा होडयेत व्हयाच." त्यांचे हे वाक्य आम्ही आजच्या व्याख्यानाचे सूत्र मानतो. शहाणे यंत्र म्हणजे काय, त्याचे शहाणपण कशात आहे, आणि तरीही वल्हे का हवे, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण क्रमाने शोधू.

प्रथम टू-स्ट्रोक मोटरीची मूळ रचना ध्यानी घेऊ. सिलिंडर म्हणजे एक नळकांडे आणि पिस्टन म्हणजे त्यात वरखाली होणारा दट्ट्या. चार-स्ट्रोक इंजिनात हवा-इंधन आत घेणे, ते दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे दट्ट्याच्या चार स्वतंत्र धावांत होतात. टू-स्ट्रोकमध्ये हीच कामे दोन धावांत उरकली जातात. दट्ट्या वर जाताना वरच्या अंगाला मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या पेटीत, म्हणजे क्रॅंककेसमध्ये, नवे मिश्रण ओढून घेतो. ठिणगी पडून स्फोट झाला की दट्ट्या खाली येतो. खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतील धुराची खिडकी प्रथम उघडी पडते, आणि पाठोपाठ नव्या मिश्रणाची खिडकी उघडते. खालच्या पेटीत दाबले गेलेले मिश्रण या दुसऱ्या खिडकीतून वर उसळते आणि उरलेला धूर बाहेर ढकलून देते.

या रचनेत झडपांचा गुंता नाही, वजन कमी आणि प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. म्हणून लहान आकारात मोठी ताकद मिळते. होडी किनाऱ्यावर ओढून घेताना मोटर खांद्यावर वाहून न्यावी लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गुणाचे महत्त्व सांगावयास नको. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९०९ मध्ये आपल्या मोटरी विकण्यास आरंभ केला. तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षे होडीच्या मोटरीवर टू-स्ट्रोकचेच राज्य चालले, ते या गुणांच्या बळावर.

परंतु याच रचनेत एक जन्मजात दोष आहे. मघाशी सांगितलेल्या दोन्ही खिडक्या काही काळ एकाच वेळी उघड्या असतात. दट्ट्या वर जाऊ लागला की नव्या मिश्रणाची खिडकी आधी बंद होते आणि धुराची खिडकी नंतर. घरात पाहुणे आले आणि पुढच्या दाराने आत शिरून उघड्या मागील दाराने तसेच निघून गेले, तर यजमानाच्या पानांचे काय व्हावे? नव्या मिश्रणाचा काही भाग असाच न जळता धुराबरोबर पाण्यात जातो. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरीत सुमारे एक चतुर्थांश, प्रसंगी तीस टक्क्यांपर्यंतही इंधन असे वाया जाते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सर्व वेगांना हे प्रमाण सारखे नसते. तरी हिशेबाला सोपे म्हणून असे धरावे की, दहा लिटर इंधन टाकीत ओतले तर त्यातील दोन-अडीच लिटर आपण दर्याला अर्घ्य दिले. त्यात मिसळलेले तेलही त्याच्याबरोबर गेले. खाडीच्या तोंडाशी पाण्यावर सप्तरंगी साय तरंगताना आपण सर्वांनी पाहिली आहे. ज्या तिवरांच्या मुळांशी कोळंबीची आणि माशांची पिले वाढतात, त्याच पाण्यात ती साय पसरते. म्हणजे हा दोष दुहेरी आहे: आजच्या खिशाला भोक पाडणारा आणि उद्याच्या जाळ्यालाही.

हा दोष जगाला पूर्वीपासून ठाऊक होता. परंतु इंधन स्वस्त होते तोवर त्याची फारशी खंत कोणी केली नाही. खरी जाग आणली ती कायद्याने. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये नियम केला की, १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने नव्या आउटबोर्ड मोटरींतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने खाली आणावे. कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमेवरील टाहो सरोवर आपल्या नितळ पाण्याकरिता प्रसिद्ध आहे; तेथे १९९९ मध्ये कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदी झाली. लक्षात घ्या, बंदी टू-स्ट्रोक या जातीला नव्हती. थेट फवारणीच्या टू-स्ट्रोक मोटरी तेथे चालू शकत होत्या. थोडक्यात, कायद्याने कारखानदारांपुढे दोन वाटा ठेवल्या: चार-स्ट्रोक करा, नाहीतर टू-स्ट्रोकचे मागील दार बंद होईपर्यंत इंधन आत सोडू नका. होडीच्या मोटरींत थेट फवारणीच्या पद्धती आल्या त्या या दुसऱ्या वाटेने.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारात 'इंधन-फवारणी' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना लावतात. पहिल्या प्रकारात कार्ब्युरेटर काढून त्या जागी विजेवर उघडझाप करणारी नळी बसवतात. ती इंधन मोजून देते, पण देते ते क्रॅंककेसच्या वाटेवरच. त्यामुळे मोटर चटकन सुरू होते आणि मिश्रणाचे प्रमाण नेमके राहते, हे खरे. परंतु इंधन पूर्वीप्रमाणेच हवेत मिसळून खालच्या पेटीतून वर येते आणि उघड्या मागील दाराने पूर्वीप्रमाणेच निसटते. माप सुधारले, वेळ सुधारली नाही. दुसऱ्या प्रकारात खालच्या पेटीतून केवळ हवा वर येते. ती धूर ढकलीत स्वतःही थोडी बाहेर गेली तरी बिघडत नाही, कारण हवेला मोल पडत नाही. इंधन मात्र सिलिंडरच्या माथ्यावरून थेट आत फवारले जाते, आणि तेही मागील दार बंद होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर. यालाच थेट फवारणी म्हणतात. मोटर घेताना 'फवारणी आहे काय?' एवढे विचारून भागत नाही. 'फवारणी कोठे होते?' हे विचारले पाहिजे.

हे सांगण्यास सोपे आणि करण्यास महाकठीण आहे. मोटर मिनिटाला ५५०० फेरे फिरत असेल तर एका फेऱ्यास सेकंदाचा सुमारे ९२ वा भाग लागतो. धुराची खिडकी बंद झाल्यापासून ठिणगी पडेपर्यंत साधारण पाव फेरा मिळतो. म्हणजे सेकंदाचा साडेतीनशेवा भाग. एवढ्या अवधीत इंधन मोजावयाचे, फवारावयाचे, त्याची वाफ करावयाची आणि हवेत मिसळावयाचे. मोठ्या वेगात हा अवधी इतका अपुरा पडतो की फवारणीला थोडा आधीच आरंभ करावा लागतो. मात्र फवाऱ्याचा रोख असा ठेवतात की, तो खिडकीपाशी पोहोचेपर्यंत ती मिटलेली असावी. थेंब मोठे राहिले तर ते जळत नाहीत. प्लगवर काजळी धरते. म्हणून सारा झगडा दोन गोष्टींसाठी आहे: थेंब बारीक हवा आणि क्षण अचूक हवा. हे साधण्याचे चार निरनिराळे मार्ग चार ठिकाणच्या लोकांनी काढले.

पहिला मार्ग हवेच्या साहाय्याचा. त्याचा उगम पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. राल्फ सारिच या संशोधकाने १९७२ च्या सुमारास 'ऑर्बिटल' नावाचे अगदी निराळ्या घडणीचे इंजिन जगापुढे मांडले. ते इंजिन घाऊक बाजारात कधी आलेच नाही. परंतु त्याच्या कंपनीने पुढे विकसित केलेली फवारणीची युक्ती जगभर गेली. या युक्तीत एक नळी इंधन मोजून एका चिमुकल्या कोठीत सोडते आणि दुसरी झडप दाबलेल्या हवेच्या झोताने ते सिलिंडरमध्ये उडवते. अत्तरदाणीचा रबरी फुगा दाबला की जसा तुषार उडतो, तसेच हे. मर्क्युरी कंपनीने १९९६ च्या सुमारास ही पद्धत उचलून आपल्या मोटरींना 'ऑप्टिमॅक्स' नाव दिले. जपानच्या तोहात्सूनेही तिचा अंगीकार केला. ऑप्टिमॅक्समध्ये हवेचा दाब चौरस इंचाला सुमारे ८० पौंड आणि इंधनाचा सुमारे ९० पौंड असतो. म्हणजे फार उंच दाबाचा पंप लागत नाही, आणि तरीही थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतात. ही या पद्धतीची खरी थोरवी. उणीव अशी की, हवा दाबणारा एक लहान कॉम्प्रेसर आणि त्याला फिरविणारा पट्टा यांचा भार वाढतो. शिवाय इंधनाचा पंप आणि दोन्ही झडपा विजेवर अवलंबून असल्याने बॅटरी सशक्त हवी.

दुसरा मार्ग धक्क्याचा. तो जर्मनीच्या फिश्ट कंपनीने काढला. नळाचे पाणी जोरात वाहत असताना तोटी एकदम बंद केली तर भिंतीतील नळीत 'धड' असा आवाज होतो. वाहत्या पाण्याचा वेग क्षणार्धात दाबात बदलतो. फिश्टच्या फवारणीत विद्युच्चुंबकाने एक लहानसा दांडा वेगाने पुढे फेकला जातो. तो इंधनावर आदळला की त्या आघाताने दाब चढून नोझलमधून फवारा उडतो. उंच दाबाचा पंप, कॉम्प्रेसर, पट्टा यांपैकी काहीच नको. कल्पना मोठी सुरेख. एव्हिनरूड आणि जॉन्सन या मोटरी काढणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने १९९७ च्या सुमारास ती बाजारात आणली. परंतु पहिल्या काही वर्षांत मोठ्या मोटरींत प्लग काळवंडणे व पिस्टन निकामी होणे असे बिघाड झाले आणि दुरुस्त्या कराव्या लागल्या. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या पतनाची कारणे अनेक होती. तरी घाईने पाण्यात सोडलेल्या नव्या यंत्राने तिच्या संकटात भर घातली, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरा मार्ग सरळ ताकदीचा. जपानच्या यामाहा कंपनीने आपल्या 'एचपीडीआय' मोटरींत इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा उंच दाबाचा पंप बसवला आणि इंधनच चौरस इंचाला ७०० ते १००० पौंड दाबाने सिलिंडरमध्ये सोडले. हवेची मदत नाही, धक्क्याची युक्ती नाही. केवळ दाबाच्या जोरावर थेंब बारीक होतो. पद्धत समजण्यास सोपी, परंतु एवढ्या दाबाचा पंप सूक्ष्म मापाने घडवावा लागतो, आणि त्याला पाण्याचा अंश किंवा धुळीचा कण खपत नाही. आपल्या डिझेल इंजिनाच्या फ्युएल पंपाची ज्यांनी दुरुस्ती करवली आहे, त्यांना या स्वभावाची पूर्ण ओळख असेल.

चौथा मार्ग म्हणजे दुसऱ्याचा सुधारलेला अवतार. २००१ मध्ये एव्हिनरूडची मालमत्ता कॅनडाच्या बॉम्बार्डियरकडे गेली आणि २००३ मध्ये 'ई-टेक' मोटर पुढे आली. लाऊडस्पीकरमध्ये चुंबकाच्या कुशीत तारेचे वेटोळे असते आणि वीज जशी बदलते तसे ते पुढे-मागे थरथरते. ई-टेकच्या फवारणीत असेच वेटोळे दट्ट्याला दोन्ही दिशांनी हलवते. म्हणून ते झपाट्याने आणि अचूक काम करते. मंद वेगात ही मोटर प्लगच्या भोवतीच इंधनाचा लहानसा ढग सोडते आणि बाकीचे सिलिंडर नुसत्या हवेने भरलेले राहते. त्यामुळे जुन्या टू-स्ट्रोकची मंद वेगातील धडधड व धूर जवळजवळ नाहीसा झाला. आणखी एक गुण आपल्या दृष्टीने फार मोठा. ही मोटर स्वतःची वीज स्वतः निर्माण करते. तिच्या लहान नमुन्यांना बॅटरीवाचूनही, दोरी ओढून, सुरू करता येत असे.

परंतु येथेही मेख आहे. प्रत्येक फवारणी-नळीचा स्वभाव किंचित निराळा असतो. तो कारखान्यात मोजून मोटरीच्या संगणकात नोंदलेला असतो. नळी बदलावयाची तर नव्या नळीची नोंद लॅपटॉप जोडून आत भरावी लागते. नुसता पाना घेऊन हे काम होत नाही.

आता चारही पद्धती एका पंक्तीत बसवून पाहू. इंधनाची बचत आणि पाण्याची स्वच्छता या दोन बाबींत चौघीही कार्ब्युरेटरच्या कितीतरी पुढे आहेत. त्यांच्या आपसातील फरक त्या मानाने थोडा. विजेच्या बाबतीत ई-टेक सर्वांत स्वावलंबी. दाबाच्या बाबतीत हवेची पद्धत सर्वांत सौम्य. भागांच्या संख्येत फिश्ट व ई-टेक आटोपशीर. पाणी मिसळलेल्या इंधनाची चीड सर्वांनाच, पण उंच दाबाच्या पंपाला विशेष. तेलाविषयी मात्र चौघींना एकच इशारा लागू पडतो. जुन्या मोटरीत इंधनाबरोबर आलेले तेल खालच्या पेटीतील बेअरिंगांना न्हाऊ घालीत असे. थेट फवारणीत त्या पेटीत इंधन जातच नाही. म्हणून तेल स्वतंत्र पंपाने मोजून पोहोचवावे लागते. तेल थोडे लागते, हा लाभ. पण जे लागते ते उत्तम हवे आणि त्याचा पंप कधी थांबता कामा नये, ही अट.

कोणी विचारील की, आपल्याकडे रॉकेलवर मोटरी चालविण्याची रीत आहे, तिचे काय? तत्त्वतः थेट फवारणीला रॉकेलचे वावडे नाही. अमेरिकी सैन्यासाठी ५५ अश्वशक्तीची थेट फवारणीची एव्हिनरूड मोटर बनवली गेली आणि ती रॉकेलच्या जातीच्या इंधनावरही चालत असे. परंतु ती त्यासाठी मुद्दाम घडवलेली होती. पेट्रोलसाठी घडवलेल्या फवारणीच्या मोटरीत आपण घरच्या घरी रॉकेल ओतले, तर ती मोटर टिकणार नाही.

आणि हे सारे तंत्र आपल्यापासून फार दूर राहिले असेही नाही. पर्थच्या त्याच हवेच्या पद्धतीवर २००७ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातील बजाज ऑटोने थेट फवारणीची टू-स्ट्रोक रिक्षा बाजारात आणली. म्हणजे जी विद्या अमेरिकेच्या सरोवरांवर श्रीमंतांच्या नौका पळवीत होती, तीच आपल्या रस्त्यावर भाडे मारीत होती. यंत्राला जात नसते आणि गावही नसते. ज्याने ते शिकून घेतले त्याचे ते होते.

या कथेचा शेवट काय झाला तोही सांगितला पाहिजे. ई-टेक उत्तम मोटर होती, तरी मे २०२० मध्ये तिच्या मालकांनी एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन थांबविले आणि १९०९ पासूनचे नाव बाजारातून उठले. मर्क्युरीनेही ऑप्टिमॅक्स मागे ठेवून चार-स्ट्रोकचा मार्ग धरला. चार-स्ट्रोक वजनाने जड, झडपांनी गुंतागुंतीची. परंतु तिच्यात आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दारे वेळच्या वेळी मिटतात. त्यामुळे साधी, हलक्या दाबाची फवारणी तिला पुरते, आणि तेल इंधनाबरोबर जाळावे लागत नाही. ज्या दोषावर चार देशांच्या बुद्धिमंतांनी अजोड इलाज शोधले, तो दोष चार-स्ट्रोकला मुळातच नव्हता. तरीही त्या इलाजांना आम्ही व्यर्थ म्हणणार नाही. जुनी सवय सोडावयाची नाही, पण तिचे पाप धुऊन काढावयाचे, असा तो प्रामाणिक प्रयत्न होता. आणि त्यातून जगाला इंधनाच्या क्षणाचे मोल कळले.

मग आपण काय घ्यावे? आमच्या किनाऱ्यावर लहान होड्यांना आजही कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरी दिसतात, आणि त्या घेणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणणार नाही. ती मोटर इंधन खाते, पण भर दर्यात तिचे भांडे उघडून साफ करता येते. फवारणीची मोटर इंधन वाचवते, पण तिला लॅपटॉपवाला वैद्य लागतो. गरिबाच्या दृष्टीने दुरुस्तीची सोय हाही यंत्राचा एक भागच आहे. तो भाग नसेल तर मोटर अपुरी आहे असे समजावे. म्हणून नवी असो वा जुनी, कोणतीही मोटर घेताना चार प्रश्न विचारावेत. इंधन सिलिंडरमध्ये कोठे व केव्हा शिरते? बॅटरी मेली तर मोटर चालते काय? सुटे भाग आणि त्यांची नोंद करणारा माणूस एका दिवसाच्या प्रवासात मिळतो काय? आणि ही मोटर कारखान्यात आजही बनते काय? उत्पादन थांबलेली मोटर स्वस्तात मिळते. आमच्या काकांनाही ती स्वस्तातच मिळाली होती.

येथे भगिनींना एक विनंती. घरचा जमाखर्च बहुधा आपल्या हाती असतो. प्रत्येक फेरीला किती लिटर इंधन गेले, किती तेल गेले आणि किती मासळी आली, एवढे तीन आकडे एका वहीत मांडून ठेवा. एका हंगामात त्या वहीतून असे सत्य बाहेर येईल की, कोणताही विक्रेता तुम्हाला फसवू शकणार नाही. नवी मोटर किती वर्षांत आपली किंमत फेडील, याचे उत्तर जाहिरातीत नसते; ते या वहीत असते.

आणि मंडळाच्या चालकांना दुसरी विनंती. आपण दरवर्षी पदवीधरांना पारितोषिके देतो, हे योग्यच आहे. परंतु समुद्री इंजिनांची दुरुस्ती, विजेची जोडणी आणि संगणकाने होणारी तपासणी शिकणाऱ्या मुलामुलींसाठीही निदान एक शिष्यवृत्ती असावी. ती तपासणीची साधने मंडळाने सामुदायिक रीतीने विकत घ्यावीत आणि बंदरावर ठेवावीत. एकट्या होडीवाल्याला न परवडणारी गोष्ट शंभर घरांना परवडते. रापणीचा दोर ओढणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते. ज्या दिवशी आपल्याच घरची एखादी मुलगी बंदरावर उभी राहून मोटरीला लॅपटॉप जोडील आणि नळीची नोंद भरील, त्या दिवशी शहाण्या यंत्राची भीती आपल्याला उरणार नाही.

तोवर, आणि त्यानंतरही, बॅटरीची टोके घासून पुसून ठेवावीत, इंधन गाळून भरावे, मोटर गोड्या पाण्याने धुवावी. आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे एक वल्हे होडीत असू द्यावे.  सर्वांच्या होड्या भरलेल्या जाळ्यांनिशी सुखरूप घरी येवोत, हीच ईशचरणी प्रार्थना.